बारा मिलिमीटरचा संशय

त्या वर्षी हिवाळा संपता संपत नव्हता, आणि पाऊस तर न बोलावलेल्या पाहुण्यासारखा हिवाळ्यातच पाय पसरून बसला होता. ओल तरी किती? दूधवाल्याच्या कोटाच्या कॉलरवर अळंबी उगवली आणि त्याच्या बायकोने ती खुडून रात्रीच्या भाजीत घातली. बेडकांनाही इतकं पाणी सोसवेना, ते लोकांच्या घरात यायचे. येताना पायपुसण्यावर पाय पुसून यायचे. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, पण ओल तेवढी होती.

अशाच एका सकाळी, आठला काही मिनिटं कमी असताना, एक मुलगी गमबूट घालून शेताडीतल्या पायवाटेने निघाली होती. धुकं एवढं, की स्वतःचा हात पुढे केला तर तो दुसऱ्याचाच वाटावा. वाटेच्या टोकाला, उघड्या माळावर, तारेचं एक ठेंगणं कुंपण होतं आणि कुंपणाच्या मधोमध गुडघाभर उंचीचं एक पत्र्याचं नळकांडं. हेच तिचं काम. नळकांड्याच्या तोंडाला नरसाळं, आत बाटली. दिवसरात्रीत पडेल तो पाऊस बाटलीत जमायचा, आणि रोज सकाळी साडेआठच्या ठोक्याला ती तो काचेच्या मापात ओतून किती मिलिमीटर झाला ते वहीत लिहायची.

त्या सकाळी कुंपणापाशी एक माणूस ओणवा झालेला दिसला.

"काय हरवलंय?" तिने मागूनच विचारलं.

तो दचकून सरळ झाला. उंच, ओल्या केसांचा, आणि एका पायात नुसताच मोजा.

"बूट," तो म्हणाला.

खरंच, त्याचा कोरा करकरीत बूट दोन हातांवर चिखलात रुतून बसला होता. बूट खरा होता म्हणून माणूस खरा असं मानणाऱ्यांतली ती नव्हती. घरात तिला फौजदारच म्हणायचे. दुधातलं पाणी, उशीतला कापूस, पाहुण्यांच्या गोड बोलण्यामागचा मतलब, सगळं ती तपासूनच घ्यायची.

"इतक्या सकाळी इकडे काय काम?"

"फिरायला आलोय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

"…माझ्या."

"ते चिखलात फिरायला सांगतात?"

"ते म्हणाले, हवा चांगली असेल तिथे फिरा." त्याने एका पायावर डुलत आजूबाजूला पाहिलं. दिसण्यासारखं काहीच नव्हतं, आणि वास ओल्या गोठ्याचा येत होता. "हवा चांगलीच आहे की."

तिने काठीने त्याचा बूट उपसून दिला. पण देताना त्याचा तळ नीट निरखून घेतला.

संशय घ्यायला तिच्याकडे कारणही तसंच होतं. हे पर्जन्यमापक आधी तिच्या बाबांकडे होतं, एकतीस वर्षं. एक दिवस चुकला नाही. स्वतःच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा बाबा साडेआठला मापकापाशी हजर होते, आणि तिकडे नवरीकडची मंडळी नवरा पळाला म्हणून गाड्या घेऊन चारी वाटांना निघाली होती. आता बाबांची छाती साथ देत नव्हती. ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि ती परत आली की दारातच विचारायचे, "किती?" तिने आकडा सांगितला की डोळे मिटून मान हलवायचे, जणू तेवढा पाऊस त्यांच्याच अंगावर पडून गेला.

आणि चार दिवसांपूर्वी हवामानाच्या कचेरीतून पत्र आलं होतं. आसपासच्या चारही मापकांत रोज दोन-तीन मिलिमीटर, आणि महिन्याभरापासून तुमच्याकडेच बारा, तेरा, चौदा. महिनाअखेरपर्यंत कारण कळलं नाही तर केंद्र बंद होईल आणि मापक उचलून नेलं जाईल. पत्र तिने बाबांना दाखवलं नाही, कणकेच्या डब्याखाली दडपलं. मापक गेलं तर बाबा रोज सकाळी विचारणार काय? 

आकाशातून पडत नव्हतं, म्हणजे कुणीतरी ओतत होतं. आणि आता कुंपणाशी हा भेटला. आता, पाणी वाढतंय सव्वा महिना आणि गडी दिसला आज, हे कसं? पण फौजदारांकडे त्यालाही उत्तर होतं. आज सापडला, म्हणजे इतके दिवस सापडत नव्हता.

चोराला नजरेआड करायचं नाही, असं तिने ठरवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो वाटेत भेटला तेव्हा ती आपण होऊन त्याच्या बरोबरीने चालायला लागली. तो बेकरीवाल्या काकूंच्या माडीवर भाड्याने उतरलाय, एवढं तिने आधीच काढून ठेवलं होतं. फिरायच्या जोडीला पाखरं बघतो, असंही आज त्याने सांगितलं. इतक्यात धुक्यातून लांबलचक कर्र आवाज आला. तिने विचारलं, हे कुठलं पाखरू? त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि गंभीरपणे सांगितलं की मादी असावी, पिलांना बोलावतेय.

"ते सुताराच्या वाडीचं फाटक आहे," ती म्हणाली.

"मग पिलं बरीच दांडगी असणार."

तिने हसू गालातच दाबलं. अशाच एका हसवणाऱ्या माणसाने बाबांच्याच ओळखीच्या एका माणसाचं अख्खं घर धुऊन नेलं होतं, दाराच्या कड्यांसकट. हे तिने स्वतःला मुद्दाम आठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी ऐन साडेआठला सर आली. तिने माप डोळ्यांसमोर धरलं होतं, वही गुडघ्यावर उघडी होती. त्याने छत्री उघडली आणि तिच्यावर नाही, स्वतःवर नाही, वहीवर धरली. दोघंही निथळत राहिले. आकडे भिजायला नकोत, म्हणाला. याला आमच्या आकड्यांची एवढी काळजी का, हा प्रश्न फौजदारांना लगेच पडला. पण त्याच वेळी असंही वाटलं, की याच्या पापण्यांवर थेंब किती आहेत ते मोजून बघावं… त्या दिवशी तिने अकराचे एकोणीस लिहिले आणि घरी पोचायच्या आत वाटेतच थांबून खोडले. इतक्या वर्षांत तिच्या वहीतली ती पहिली खाडाखोड.

चौथ्या दिवशी मापात तेरा निघाले. पाऊस तर रात्रभर शिंतडलाच होता नुसता. पण माप घ्यायच्या आधीच, ती पोचली तेव्हा, तो कुंपणाच्या आत ओणवा होऊन चिखल बघत होता. मापकाभोवती ताजी पावलं उमटली होती, छोटी, गोल टोकाची. गमबुटांची.

"ही पावलं तुमची?" त्याने विचारलं. आवाज सहज ठेवला होता, जरा जास्तच सहज.

तिने पायाशी पाहिलं. तसेच बूट, तेच माप. "माझीच. मी रोज येते इथे."

"पण तुम्ही तर आत्ता आलात. अजून कुंपणाच्या फाटकातच उभ्या आहात."

"कालची असतील."

"काल रात्री पाऊस होता. कालची पुसली असती."

 बरोबर बोलणारा चोर फार वाईट. त्या दिवशी परतताना दोघं एकमेकांकडे चोरून बघत चालले, आणि दोघांची नजर एकाच वेळी पकडली जायची, आणि मग दोघांनाही अचानक ढगांत काहीतरी फार महत्त्वाचं दिसायचं.

पाचव्या दिवशी त्याने सांगितलं की तो परवा-तेरवा जाणार. हे ऐकून तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.  संशयामुळेच असणार, असं तिने ठरवलं. काम उरकलं असेल, म्हणून निघाला. म्हणजे पकडायचं तर उद्याच.

सहाव्या दिवशी ती पाचलाच उठली. बाबा झोपले होते. पलीकडच्या खोलीतून आत्याचं घोरणं ऐकू येत होतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. गुडघ्यांच्या दुखण्यासाठी भावाकडे आलेली आणि रमलेली. घोरण्याने कौलं सरकायची म्हणून बाबा दर रविवारी गवंड्याला बोलवायचे म्हणे. आत्याही रोज उठून सडकेवरून बेकरीपर्यंत फिरून यायची. पण तिला उठायला अजून वेळ होता.

मुलगी ताडपत्री घेऊन अंधुक उजेडात माळावर पोचली. कुंपणालगत एक झुडूप होतं. त्याच्यामागे दबकत, वाकत, रांगत ती शिरली आणि एका दगडावर बसली.

"अहो," दगड कुजबुजला, "गुडघा आहे तो."

किंकाळी तिने ताडपत्रीत कोंबली.

"सापडलात शेवटी," ती दातओठ खात म्हणाली.

"सापडलात तुम्ही. इतक्या पहाटे मापकाशी काय काम?"

"मी माझं मापक राखायला आलेय."

"मीही राखायलाच आलोय. तुमच्यापासून."

पुढे काय झालं असतं कोण जाणे. पण तेवढ्यात चिखलात पचक पचक वाजलं. धुक्यातून गमबूट आले. गमबुटांच्या वर शाल, शालीच्या वर कानटोपी, आणि हातात पाण्याची बाटली. मुलीचे जुने बूट घालून आत्या आली होती. सडक सोडून, माळावर. कुंपणाची मागची सैल तार तिने सवयीच्या हाताने बाजूला केली, मापकापाशी गेली आणि आत डोकावून बघितलं.

"आं? कालचंही संपवलंत?" आत्या कौतुकाने म्हणाली. "पाखरं आहात की हत्ती? घ्या, प्या. त्या डॉक्टरचं काय जातंय सांगायला, चालताना बाटलीभर पाणी संपवा म्हणून. माझे दात त्याच्या तोंडात असते म्हणजे कळलं असतं त्याला, सकाळचं गार पाणी काय असतं ते."

तिने नरसाळ्यात निवांत धार धरली. बाटली झटकली. मग "कुणाला सांगू नका गं बायांनो," असं अदृश्य पाखरांना बजावून पचक पचक धुक्यात निघून गेली.

 मग त्याचे खांदे हलायला लागले. मग तिचे. ताडपत्रीखाली दोघं इतके हसले की झुडपावरचं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर आलं. हसता हसता तिचा हात कधी त्याच्या बाहीवर गेला तिचं तिलाच कळलं नाही, आणि मग कळलं… आणि मग दुसरंही काहीतरी कळलं.

तिने हात काढून घेतला. "माझ्यापासून राखायला, म्हणजे?"

त्याचं हसू विझलं. खिशातून त्याने ओळखपत्र काढलं. तो कचेरीचा तपासनीस होता. आकड्यांत घोळ दिसला की तपासनिसाने आधी आठ दिवस ओळख न देता बघायचं, मग अहवाल लिहायचा, अशी त्यांची पद्धत. पहिल्या दिवशी त्याला वाटलं होतं की तीच पाणी ओतते. केंद्रात पाऊस जास्त दिसला तर केंद्र चालू राहतं, अशा समजुतीने करणारे त्याने पाहिले होते. पावलंही तिच्याच बुटांची निघाली.

"आणि आज?" तिने विचारलं.

"आज… तुम्ही नसाव्यात म्हणून साडेचारपासून चिखलात बसलोय."

बोलणं गोड होतं. गोड बोलण्यामागे मतलब असतो हे ती जन्मभर सांगत आली होती, आणि मतलब आता छापील ओळखपत्रासकट समोर होता. छत्री, फाटकाची पिलं, ढगांकडे बघणं… सगळी तपासणीच. तिने ताडपत्रीची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, सावकाश.

"तुमच्या अहवालात रकाने असतील ना?"

"असतात."

"मग रोज माझ्याबरोबर चाललात, ते कुठल्या रकान्यात लिहिणार?"

त्याने तोंड उघडलं. पण ती वाट बघायला थांबली नाही.

घरी सगळं बाहेर आलं. कणकेच्या डब्याखालचं पत्रही आलं. आत्या आधी म्हणाली की मी बेकरीला जाते. मग म्हणाली की कधीतरी जाते माळावर. मग पदर तोंडाला लावून म्हणाली की मला काय माहीत, मला वाटलं पाखरांचं भांडं आहे. मेलं रोज रिकामं असायचं, मग मी आणखी घालायचे. बाबा हसायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा असे हसले, खोकला येईपर्यंत. खोकला ओसरला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"वही आण," ते म्हणाले. "आत्या आली त्या दिवसापासूनचे सगळे आकडे खोडायचे. आपल्या हाताने. तो काय लिहितो ते तो बघेल."

"मापक नेलं तर, बाबा?"

"नेऊ देत. खोटा पाऊस ऐकण्यापेक्षा खिडकी बंद केलेली बरी."

एकेचाळीस दिवस लाल शाईने खोडताना तिचा हात दुखला. तिसऱ्या दिवसाच्या अकरावर तर पेन नुसतंच टेकून राहिलं, शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत. सातव्या दिवशी ती मापकाला गेली तेव्हा तो बराच लांब, सुताराच्या फाटकाच्या वळणावर उभा होता. तिने मान वळवली नाही. आता कुणी मिनतवारी केली तरी विश्वास ठेवायचा नाही, असं तिने मनाशी घोकलं. दोन मिलिमीटर निघाले. खरे दोन. बाबांनी ते ऐकून डोळे मिटले.

"तो बुटवाला धुक्यात घुटमळतोय," आत्या बाटली भरता भरता म्हणाली. आता तिला ती बाबांच्या समोर प्यावी लागायची. "त्यालाही थोडं पाजून येऊ का?"

आठव्या दिवशी तो सरळ मापकापाशी आला. साडेआठला पाच मिनिटं होती. पाऊस नव्हता, पण हवेतच पाणी लोंबत होतं. त्याने तिच्यापुढे कागद धरला. निरीक्षकाने, म्हणजे रोज माप घेणाऱ्याने, अहवाल वाचून खाली सही करायची असते, नियम आहे, एवढंच म्हणाला. आवाज जड होता, झोप न झालेल्या माणसासारखा.

तिने वाचायला घेतलं, एकेक ओळ, संशयाने. जादा पाण्याचं कारण, घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा गैरसमज, प्रत्यक्ष पाहिलेला. निरीक्षकाने एकेचाळीस दिवसांची नोंद स्वतःहून रद्द केलेली. निरीक्षक प्रामाणिक. केंद्र चालू ठेवावं. इथपर्यंत आली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण फौजदारांनी ते धुक्यावर ढकललं. खाली आणखी एक रकाना होता, शेरा.

'हा अहवाल ग्राह्य धरू नये. खात्री करून घेण्यासाठी दुसरा तपासनीस पाठवावा. कारण, चौथ्या दिवसापासून सध्याचा तपासनीस सकाळी मापक बघायला येत नव्हता.'

तिने ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं. कागदामागे तो बुटांकडे बघत उभा होता.

"हे कचेरीत जाणार?" तिने विचारलं.

"जाणार."

"लोक हसतील."

"हसू देत."

"तुमची बढती वगैरे…"

"अडकेल थोडी." त्याने मान वर केली. "तुम्ही विचारलं होतं, कुठल्या रकान्यात लिहिणार. दुसरा रकाना नव्हता."

 कुठूनतरी एक खरं पाखरू बोललं. त्याने ते ओळखायचा प्रयत्न केला नाही, एवढी अक्कल त्याला आली होती.

"आकडा चुकलाय," ती शेवटी म्हणाली.

"कुठला?"

"चौथा नाही. तिसरा."

"अहो, मी माझ्याबद्दल लिहिलंय. मला माहीत आहे ना, माझा चौथाच."

"मग माझ्याबद्दल कोण लिहिणार?"

तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागद त्याच्या पाठीवर ठेवला, कारण माळावर टेबल नव्हतं, आणि शेऱ्याखाली लिहिलं – 'निरीक्षकाच्या बाबतीत, तिसऱ्या दिवसापासून.' खाली सही केली, तारीख घातली. त्याला पाठीवरून अक्षरं लागली असावीत, कारण तो श्वास रोखून उभा राहिला होता आणि कान लाल झाले होते.

"काय लिहिलंस?" त्याने विचारलं. अहो-जाहो कुठे गळून पडलं ते दोघांनाही दिसलं नाही.

"सरकारी कागद आहे. वाचून बघ."

मग दुसरा तपासनीस आला. म्हातारा, जाड चष्म्याचा, विनोद न समजणारा. पंधरा दिवस त्याने माप तपासलं, वही तपासली, आत्याची बाटलीसुद्धा हुंगून बघितली. सगळं चोख निघालं. केंद्र चालू राहिलं. बाबा दारात "किती?" विचारायचे आणि आता त्यांना दोन आवाजांत उत्तर यायचं. फक्त एक गोष्ट त्या म्हाताऱ्याला शेवटपर्यंत संशयास्पद वाटली आणि ती त्याने अहवालात लिहूनही ठेवली. एवढंसं काचेचं माप धरायला या केंद्रावर रोज दोन माणसं का लागतात, याचा खुलासा मिळू शकला नाही.